विहीणबाईंचे शब्द

माझ्या मुलाने ऑकलंडमध्ये टोंगा बेटांवरच्या मुलीशी लग्न केलं. वर्षभराने, त्याच्याकडून मराठी शिकलेली सून तिच्या आईला घेऊन अमरावतीला आमच्याकडे आली. विहीणबाई उंच, भरदार, हसऱ्या. त्यांना मराठी नाही, इंग्रजी जेमतेम, आणि माझंही तसंच.

रोज सकाळी स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन त्या म्हणायच्या, "मालो ए लेलेई." सुनेने सांगितलं होतं, हा त्यांचा नमस्कार. मी नुसती मान हलवायची. त्या मात्र आठवडाभरात नमस्कार, पाणी, बस झालं, छान, सगळं शिकल्या. चुकल्या की मलाच पुन्हा विचारायच्या.

माझी अकोल्याची जाऊ त्यांना भेटायला आली होती. ती परत निघाली तेव्हा विहीणबाई फाटकापर्यंत गेल्या, तिचे दोन्ही हात धरले आणि म्हणाल्या, "आलू आ."

"आलू?" जाऊ म्हणाली. "आलू काहून मांगून राह्यली वो इहीन?"

सगळे हसले. सर्वांत मोठ्याने मी. काय झालं ते न कळून विहीणबाईही हसल्या. मग सुनेने खाली बघत सांगितलं, "आई, जाणाऱ्याला आलू आ म्हणतात. नीट जा. आणि जाणारा मागे राहणाऱ्याला म्हणतो, नोफो आ. सुखाने राहा." आम्ही का हसलो ते नंतर तिने आपल्या आईलाही समजावलं असावं, कारण विहीणबाईंच्या तोंडून तो शब्द मी पुन्हा ऐकला नाही.

महिन्याने त्या आणि सून परत निघाल्या, तेव्हा आम्ही त्यांना बडनेऱ्याला मुंबईच्या गाडीत बसवायला गेलो. खिडकीतून माझा हात धरून त्या हळूच म्हणाल्या, "नोफो आ." उत्तर मला पाठ होतं. पण शेजारी निरोप द्यायला आलेली जाऊ उभी होती. पुन्हा हसं होईल म्हणून मी म्हटलं, "टाटा." त्यांनी थोडी वाट पाहिली. गाडी सुटली.

चार महिन्यांनी त्या झोपेतच गेल्या. मी सुनेला ऑकलंडला फोन केला. रडून झाल्यावर विचारलं, "तुमच्यात माफ करा कसं म्हणतात?"

"काहून, आई?" माझ्याकडूनच उचललेला शब्द.

मी फाटकाजवळचं सांगितलं, स्टेशनवरचं सांगितलं. ती म्हणाली, "फाकामोलेमोले."

मी म्हणून बघितलं. मध्येच अडखळले. तिने पुन्हा सांगितलं, सावकाश, एकेक अक्षर तोडून. तिसऱ्यांदा मला ते नीट म्हणता आलं. पण ज्याने ते ऐकायला हवं होतं ते माणूस राहिलं नव्हतं.