नातीचं नाव यादीतनं कुणी काढलं?

पोरींचं गणित कच्चंच असतंय म्हणं! नातीच्या सरांनी आज माझ्या तोंडावर सांगितलं. स्कॉलरशिपच्या यादीतनं आमच्या राणीचं नाव गेलं, म्हणून मी शाळेत गेलते.

राम राम मंडळी, पुढचं ऐका.

आमच्या घरात पैंजणं बनत्यात. मी विचारलं, "सर, एका पैंजणाला पस्तीस घुंगरं, तर बारा जोडांना किती?" सर मोबाईल काढायला लागले, तवर राणी म्हणाली, "आठशे चाळीस."

सर वरमले. "आजी, नाव मी न्हाय काढलं. तिच्या वडिलांनीच सही केलीया."

राणीनं ते ऐकलं. 

माझा लेक ह्याच व्हॉट्सॲप ग्रुपात हाय. बाकीच्यांनी अंगठं दाखवू नका. सही का केली, ते त्यानंच लिहायचं, हितंच, सगळ्यांसमोर.