सहीचा कागद

२०१६ साली मी नुकती आजी झाले होते, अक्कल मात्र यायची होती. केस रंगवलेले, खांद्याला झोळी आणि संशोधक म्हणवून घ्यायची दांडगी हौस. रानशेतकडच्या पाड्यांवर वर्षभर फिरून मी शंभरावर पानांचा अहवाल लिहिला. सांगायचं होतं एवढंच: दिवाळीनंतर माणसं वीटभट्टीवर जातात, तिथल्या अंगणवाडीच्या यादीत त्यांच्या पोरांची नावं नसतात, म्हणून पोरांना आहार मिळत नाही. इथल्या सेविकेने चिठ्ठी द्यावी आणि ती तिथे चालावी, एवढा आदेश हवा होता.

तो मी शेवटच्या प्रकरणात ‘आंतर-प्रकल्प समन्वयाचे सक्षमीकरण’ या मथळ्याखाली पुरला. फार भारदस्त वाटलं होतं मला!

जिल्ह्याच्या बैठकीत अंगणवाड्यांच्या साहेबांनी अहवाल हातात तोलला. “छान. सही कशावर करू?”

“सगळं आत आहे, सर.”

“मग वाचतो सवडीने.”

बाहेर पडताच माझ्यासोबत आलेली पाड्याची सेविका माझ्यावर उखडली. “बाई, वर्षभर माझ्याकडनं पोरांची वजनं उतरवून नेलीत, आणि सहीचा कागदच नाही? मांडव घातलात नि नवरी घरी विसरलात!”

मी तिला धोरणप्रक्रिया समजावू लागले. त्या वेळच्या मला आज कोणी समोर आणलं, तर एक ठेवून देईन.

दिवाळी झाली, माणसं ट्रकमधून गेली. पावसाच्या तोंडावर परतली तेव्हा सेविकेने पोरं काट्यावर घेतली. तीन वर्षांची एक मुलगी जाताना होती त्याहून हलकी भरली. तिची आई म्हणाली, “तिथं खिचडी शिजायची. मागितली तर म्हणाले, यादीत नाव नाय.”

त्याच दिवशी सेविकेच्या ओट्यावर बसून मी एकच पान लिहिलं. काय करायचं, कोणी, कधीपर्यंत. खाली त्या मुलीची दोन वजनं आणि सोबत आदेशाचा मसुदा. मी ‘उपरोक्त’ लिहिलं की सेविका म्हणायची, “खोडा ते.”

साहेब तेच होते. उभ्या उभ्या वाचून सही केली, वर म्हणाले, “मॅडम, हे गेल्या वर्षीच आणायचं ना!”

“आणि तुम्ही गेल्या वर्षी शेवटचं प्रकरण उघडायचं ना!” मी ओरडलेच. शिपाई दारात थबकला.

पुढच्या हंगामात मुलगी चिठ्ठी घेऊन भट्टीवर गेली आणि जेवली. गावात माझा सत्कार ठरला. मी गेले नाही. कसला सत्कार? वर्षभराच्या उशिराचा?