सव्वा मूठ गहू आणि आमची माय

नरडाण्याच्या स्टेशनात पॅसेंजर जेमतेम दोन मिनिटं थांबायची. तेवढ्यात आमचं अख्खं घर डब्यात चढवायचं होतं: दोन ट्रंका, गोधड्यांचं गाठोडं, बाजरीची गोणी, आई, तिच्या कडेवरचा भाऊ आणि सात वर्षांची मी. बाबा आधीच सुरतेला लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, लागले होते. चार एकरांत दोन भावांची घरं भागत नव्हती, म्हणून आता आबा आणि आजीही निघाले होते. आजीला आम्ही नातवंडंसुद्धा मायच म्हणायचो. सगळं चढलं तरी माय खाली फलाटावरच उभी होती, आणि तिच्यामुळे आबाही. तिला कानबाईचा नारळ हवा होता.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्या खानदेशात घरोघरी कानबाई बसते. पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या नारळाला नथ, डोळे लावून तिला चौरंगावर मांडतात आणि सोमवारी नदीवर नेतात. हा नारळ थोरल्या घरी राहतो. आमचं थोरलं घर म्हणजे नाना, आबांचे मोठे भाऊ.

जेठ, म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ, आणि धाकट्या भावाची बायको एकमेकांशी थेट बोलत नाहीत, ही जुनी रीत. त्यामुळे माय आणि नाना यांची भांडणंसुद्धा आयुष्यभर आबांच्या तोंडून झाली. त्या दिवशीही पोचवायला आलेले नाना आबांकडे बघून म्हणाले, "देवी शे ती, गाठोडं नही. कानबाई गावनी शीव सोडत नही." पदराआडून मायनं आबांनाच सुनावलं, "सांगा त्यासले, मी गाव सोडस, देवी नही." बिचारे आबा दोघांच्या मध्ये उभे राहून गाडीच्या इंजिनाकडे बघत होते. गार्डानं शिट्टी दिली, आणि आईनं हात देऊन मायला वर ओढलं, मागोमाग आबा चढले.

सुरतेत आम्हाला दहा बाय बाराची खोली मिळाली. पहिल्याच आठवड्यात माय चौकशी करत तापीवर जाऊन आली आणि आल्यावर आम्हाला म्हणाली की पाणी आपल्याच गावचं आहे, फक्त आपल्याआधी इथं पोचलंय. तेवढ्यावर तिनं ते शहर मान्य करून टाकलं. मला मात्र वेळ लागला. शाळेत पाढे गुजरातीत पाठ केले, भांडायला हिंदी शिकले आणि घरी अहिराणीत रडले. आजही कोणी मध्येच विचारलं, तर सात आठे छप्पन्न मला गुजरातीतच आठवतं.

बाबांच्या खात्यात खानदेशातली बरीच पोरं होती. खातं म्हणजे लूमचा कारखाना. हॉटेलातलं तिखटगोड वरण त्यांच्या घशाखाली उतरेना, म्हणून मायनं खानावळ सुरू केली. नऊ जण जेवायला यायचे. साक्रीचा दगा, पारोळ्याचा भिका, एरंडोलचे दोघे सख्खे भाऊ, आणि असेच बाकीचे. नऊ जणांत पाच-सहा जाती असतील. मायला त्या माहीत नव्हत्या असं मुळीच नाही, तिला सगळ्यांच्या पाठ होत्या. पण ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा सगळ्यांना सारखाच वाढला जायचा, आणि ताट चाटूनपुसून रिकामं केलं नाही तर बोलणीही सारखीच बसायची.

आबाही लूमवर लागले होते, आणि पहिल्या श्रावणात त्यांना गावी जायला सुट्टी मिळाली नाही. त्या रविवारी माय दिवसभर उपाशी बसून राहिली. दुसऱ्या वर्षी ती एकटी गावी गेली आणि येताना पदरात नवा नारळ घेऊन आली. आमच्या घराण्यात नवा नारळ जुन्या नारळाला टेकवून आणावा लागतो, तरच त्यात देवी येते. सगळ्या बाया फुगडीत रंगल्या असताना तिनं तो गुपचूप टेकवला होता. ही चोरी झाली ना, असं आईनं विचारलं. माय शांतपणे म्हणाली, देवीला यायचं नसतं तर नारळ पदरात फुटला असता.

तिसऱ्या वर्षी, कानबाईच्या दोनेक महिने आधी, बाबांचा हात लूममध्ये सापडला. खूप रक्त गेलं. खानावळीतली सगळी पोरं शिफ्ट सोडून दवाखान्यात येऊन उभी राहिली. तिथं कोणी कोणाची जात विचारली नाही, नुसता रक्तगट विचारला. ज्यांचा जुळला त्यांनी दिलं, ज्यांचा जुळला नाही ते बाहेर बसून राहिले. बाबा वाचले. दोन बोटं गेली.

मग श्रावण आला, आणि आमच्या खोलीत पहिल्यांदा कानबाई बसायची होती. तिच्या नैवेद्याला रोट म्हणतात. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू घ्यायचे, ते दळून पुरणपोळी करायची. हा रोट फक्त भाऊबंदांनी खायचा. बाहेरच्याला त्यातला घासही द्यायचा नाही, ताटं धुतलेलं पाणीसुद्धा परक्याच्या पायाखाली येऊ द्यायचं नाही. देवधर्मात माय एवढी कडक की चतुर्थीला चंद्र ढगाआड राहिला तर ती तशीच झोपायची. म्हणून गहू मोजायला ती सुपापुढे बसली तेव्हा तीनच नावं होतील, हे आम्ही धरूनच चाललो होतो.

तिनं पहिली मूठ नानांच्या नावाची घेतली. थोरलं घर, तो मान त्यांचाच. मग आबा, बाबा, भाऊ. आणि मग ती थांबलीच नाही. दगा, भिका, एक-एक करत नऊच्या नऊ. प्लॅस्टर केलेला हात धरून बाबा उठूनच बसले. "माय, ह्या काय आपला भाऊबंद शेतस?"

"तू दवाखानामां पडेल व्हता, तव्हय रगत कोनी दिधं? गावना भाऊबंद उनात का?" मायनं मान वर न करता विचारलं. "ज्यासनं रगत तुन्हा आंगमां शे, त्या तुन्हा भाऊबंद."

मायनं आणखी एक मूठ घेतली आणि माझं नाव घेतलं. पोरींच्या नावाची मूठ घेत नाहीत, हे मला तेव्हाही माहीत होतं. मी तोंड उघडायच्या आत ती मला म्हणाली, जा, जातं पूस.

ही बातमी गावात पोचायला कितीसा वेळ लागणार! नानांचा फोन शेजारच्या दुकानात आला, आणि आबा परतले ते चेहरा पाडूनच. नाना म्हणाले होते, "कूळ बाटाडी टाकं तिनी. आते आठे तुम्हना नावनी मूठ निंघाव नही." देवीपुढे आपल्या मुलाचं, नातवाचं नाव घेतलं जाणार नाही, हे मायसारख्या बाईला मरणापेक्षा वाईट होतं. तिला रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. पण पुढच्या वर्षी तिनं पुन्हा तेवढ्याच मुठी घेतल्या. त्याच्या पुढच्या वर्षीही.

त्याच्याही पुढच्या श्रावणात नाना मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी सुरतेला आले. उतरणार कुठे? आमच्याकडेच. एका डोळ्यावर पट्टी बांधून ते खाटेवर बसले होते आणि समोर माय सूप घेऊन गहू मोजत होती. नेहमीसारखी पहिली मूठ घेऊन तिनं नानांचं नाव उच्चारलं. नानांनी आबांना विचारलं, "आज मी आठे शे म्हनीसन का?" आबांनी सांगितलं, नाही, दर वर्षी पहिली तुमचीच निघते, तुम्ही आमची बंद केली तेव्हाही निघाली.

दुसऱ्या दिवशी पोरं पंगतीला बसली तेव्हा ते भिंत धरत धरत आले आणि भिकाशेजारी बसले. मग त्यांनी उभ्या आयुष्यात केलं नव्हतं ते केलं. मायशी थेट बोलले. "वाढ, बाई. मी बी त्यासना संगे बठस." मायच्या हातातली पुरणपोळी तुपाच्या वाटीतच पडली. आई अजून शपथेवर सांगते की नानांनी त्या दिवशी चार पोळ्या खाल्ल्या.

मंडळींनो, तुम्ही गावी राहिलेले असा की माझ्यासारखे निघून गेलेले, मला माझ्या मायचा अभिमान वाटतो तो यासाठी. तिनं देव सोडला नाही, रीत सोडली नाही, गाव सोडावं लागलं तरी कोणाला दोष दिला नाही. तिला सही करता येत नव्हती, पण कोणाला आपलं म्हणायचं हे तिनं स्वतः ठरवलं, आणि त्याची किंमत रडत रडत मोजली.

बँकेच्या बदलीनं मी नऊ वर्षांपूर्वी जळगावला आले. म्हणजे जिथून निघालो त्याच मुलखात परत आले, आणि इथं शेजारचे विचारतात, मॅडम तुम्ही गुजराती का? मी लग्न केलेलं नाही. त्यामुळे सासरची कानबाई नाही. दोन वर्षांपूर्वी आबा गेले आणि गेल्या उन्हाळ्यात माय. दुःख तर होतंच, पण खरं सांगायचं तर मला एक भीतीही होती. पोरीच्या नावाची मूठ घेणारी एक मायच होती, आता माझं नाव कोण घेणार? घर म्हणून मी सुरतेकडे बोट दाखवावं, जळगावच्या फ्लॅटकडे की गावाकडे, हा गोंधळ माझा जुनाच आहे. पण सूप पुढे घेऊन कोणी तरी आपलं नाव उच्चारणं, यापलीकडे घराकडून मला फारसं काही नको होतं.

श्रावणात मी थोरल्या घरच्या कानबाईसाठी नरडाण्याची गाडी धरली. नाना नव्वदीच्या पुढे गेलेत, हात थरथरतो. मुठीतले गहू सांडायला लागले तेव्हा त्यांनी सूप माझ्याकडे सरकवलं, आणि स्वतः डोळे मिटून नावं सांगू लागले. आपल्या मुलानातवांची, बाबांची, भावाची, आणि मग सुरतेची. दगा, एरंडोलचे दोघे, बाकीचे, सगळे क्रमानं. भिका गेल्या वर्षी वारला, त्याच्या जागी ते क्षणभर थांबले आणि पुढे गेले. एकही नाव चुकलं नाही.

झालं असं वाटून मी हात झटकले. नानांनी डोळे उघडले.

"आते तुन्हं नाव ले."

मी मूठ भरली, वरची पाव मूठही घेतली, आणि सगळ्या घराला ऐकू जाईल असं माझं नाव घेतलं.