पेंढ्याच्या दोन गंजी आणि एक बाँब

कोळवणच्या कुशाबाला अणुबाँब कुणी शिकवला नव्हता, तरी त्यातलं मर्म त्याला टीव्हीवरच्या तज्ज्ञांपेक्षा जास्त कळायचं. त्याचं आणि चुलतभाऊ बहिरूचं बांधावरून तीस वर्षांचं वैर. दोघांची घरं भिंतीला भिंत लागून आणि मागे दोघांच्या पेंढ्याच्या गंजी शेजारी शेजारी. रागाच्या भरात काडी ओढावी असं दोघांनाही कैकदा वाटलं; पण एक गंजी पेटली की दुसरीही जाणार, वर दोन्ही घरं. म्हणून काडी कुणी ओढली नाही. बांध मात्र दर वर्षी वीतभर सरकायचा, पाण्याचा पाईप तुटायचा, आणि एकदा तर बहिरूने कुशाबाचे पुढचे दोन दातच पाडले. मोठी आग लागणार नाही याची खात्री असली की माणूस दात पाडायला कचरत नाही, हे कुशाबा हसला की दिसायचं.

मे महिन्यात सीमेवर तोफा सुरू झाल्या. कुशाबाचा एकुलता एक मुलगा कैलास फौजेत, तिथल्याच एका चौकीवर होता. फोन लागेना. कुशाबा ज्यांच्या फार्महाऊसची राखण करायचा, ते निवृत्त प्राध्यापक एकनाथराव व्हरांड्यात चहा घेत म्हणाले, "कुशाबा, निश्चिंत राहा. दोघांकडेही अणुबाँब आहे. युद्ध कुणालाच परवडणार नाही."

"मोठं न्हाई व्हायाचं, साहेब. पन बारकं?"

"बारकं काय, चालायचंच. दोन-चार दिवस."

त्या चालायच्यातच आपला कैलास उभा आहे, हे साहेबांना कसं सांगावं? बाँबला हात जोडावेत, तर त्याच्याच भरवशावर दोन्हीकडचे बिनधास्त गोळे टाकतात. शिव्या द्याव्यात, तर मोठी आगही तोच रोखून धरतो. करायचं काय? झाडांना पाणी घालायचं. त्याने घातलं, भर उन्हात, एकाच कुंडीला तीनदा.

चौथ्या दिवशी शस्त्रसंधी झाली. संध्याकाळी कैलासच्या युनिटमधून फोन आला. कैलास जिवंत होता. उजवा पाय गुडघ्यापासून काढावा लागला होता.

सकाळी एकनाथराव पेढ्यांचा बॉक्स घेऊन गेटपाशीच उभे. "बघा कुशाबा, म्हटलं होतं ना मी? नाही झालं युद्ध."

कुशाबाने पेढा हातात घेतला. माणूस काही खोटं बोलत नव्हता.

"व्हय साहेब," तो म्हणाला, "न्हाई झालं."