नानांच्या जिभेवर पहारा

पथ्यावरचा एक माणूस ओळखीचा असला की किस्से गोळा करायला कुठे जावं लागत नाही. भरतीच्या कचऱ्यासारखे ते आपोआप दारात येऊन पडतात. एक उचलावा, तर खाली आणखी दोन!

आमच्याकडे नाना आहेत. मुरुडला नारळी-सुपारीच्या वाडीत त्यांचं छोटंसं लॉज आहे. नाना, निवृत्त शिक्षक कांबळे सर, बोटीवाले इक्बालभाई आणि मी, असे चौघं रोज सकाळी एसटी स्टँडसमोर चहाला जमतो. नानांना डायबेटिस, वर दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डोळ्यांच्या डॉक्टरबाईंनी बजावलं, "साखर उतरल्याशिवाय मी ऑपरेशनला हात लावणार नाही!"

आणि नानांना ऑपरेशन तर ताबडतोब हवं. का? पेपर वाचायला? छे! माशातले काटे दिसत नाहीत म्हणून! पाला किंवा तसलाच काटेरी मासा ताटात आला की वहिनी शेजारी बसून काटे काढून देतात.

"माशाचा अपमान हाय हा," नाना म्हणतात. "आनि माझा पन!"

तेव्हा ठरलं, साखर उतरेपर्यंत नानांवर आपण नजर ठेवायची. कुठून बुद्धी झाली देव जाणे!

*

डॉक्टरबाईंनी पहिला हुकूम काढला, भात बंद. नानांनी मान डोलावली. मी म्हटलं, चला, सुरुवात तर बरी झाली.

दुपारी कांबळे सर आणि मी सहज डोकावलो, तर ताटाशेजारी तांदळाच्या भाकऱ्यांची चवड! सकाळी आंबोळ्या झालेल्या, संध्याकाळसाठी घावण्यांचं पीठ भिजवलेलं.

"नाना, हे काय?"

"भात सोडला ना मी! शीत न्हाय पोटात. भाकरीचं नाव तरी काढलं का बाईंनी?"

कांबळे सरांनी डोकं धरलं. "अहो, तांदूळ तोच की!"

"सर, तुमी शाळेत गनित शिकवत होता का सैपाक?"

पुढच्या तपासणीला आम्ही सोबत गेलो. बाईंनी विचारलं, "भात सोडलात ना? मग आता काय खाता?"

नानांनी छाती काढून सांगितलं, "तांदूळच! पन दळून!"

*

सर चिकाटीचे. रोज सकाळी डब्यातून मोड आलेले मूग आणायला लागले. नानांसमोर डबा ठेवायचा आणि संपेपर्यंत हलायचं नाही. नानाही निमूट खायचे. सर आमच्याकडे बघून विजयी हसायचे. माणूस सुधारतोय!

एकदा सरांना फोन आला म्हणून ते जरा बाजूला गेले. परत येऊन बघतात तर नानांपुढे तर्रीदार मिसळ आणि डबा रिकामा.

"मूग कुठे गेले?"

नानांनी चमच्यानं शेव बाजूला केली. मूग तर्रीत पोहत होते.

"सर, मिसळ हेल्दी केली मी!"

सर त्या दिवशी चहा अर्धा टाकून घरी गेले.

*

ईदला इक्बालभाईंच्या घरी खास नानांसाठी बिनसाखरेचा शीरखुर्मा शिजला. भाभींनी नुसत्या खजुरावर भागवलं होतं. इक्बालभाई सकाळपासून वाट बघतायत आणि नानांचा पत्ता नाही!

दुपार कलल्यावर नाना आले, तेही डुलत डुलत. वाटेत मोहल्ल्यातली सगळी ओळखीची घरं घेत आले होते. प्रत्येक घरी वाटी झालेली, आणि त्या वाटीत साखर हात आखडून कोण घालतो?

"नाना, खुदा के वास्ते!" इक्बालभाई कळवळले. "सणाला 'नको' म्हणता येत नाही, कबूल. पण निदान आधी माझ्याकडे यायचं!"

"तुझा बिनसाखरेचा ना?"

"हो ना! खास तुमच्यासाठी!"

"मग दे दोन वाट्या. आधीचा उतरंल!"

*

पुण्याच्या लेकीनं शेवटी मनगटावर बांधायचा बँड पाठवला. बाबा किती चालले ते तिला तिकडे फोनवर दिसायचं. दोनच दिवसांत तिचा मला फोन, "काका, बाबांनी कमाल केली! जेवायच्या आत टार्गेट पूर्ण!"

मला काही हे पचेना. नाना तर खुर्चीतून उठताना दिसत नव्हते! घरी गेलो. वहिनी विहिरीवरून येत होत्या. मनगटात हिरवा चुडा, आणि चुड्याच्या मागे काळा बँड!

"ह्यांनी बांधलाय," वहिनी म्हणाल्या. "बीपीचं यंत्र हाय म्हनं, काढू नको म्हनाले."

मी खरं काय ते सांगितलं. वहिनींनी चुडा मागे सारून बँड नीट बघितला.

"म्हंजे एवढं मी चालते? रोज?"

"रोज."

वहिनींनी बँड काढला, नानांच्या मनगटावर घट्ट आवळला, हातात केरसुणी दिली आणि स्वतः झोपाळ्यावर बसल्या.

"पाव्हन्यांच्या खोल्या झाडायच्या ऱ्हायल्यात. व्हा पुढं! लेक बघतेय!"

*

एका सकाळी मात्र नाना कट्ट्यावर आले ते पडलेल्या चेहऱ्यानं. चहा समोर, पण हात लावेनात.

"सर, साखर वाढली की गोड कडू लागतं काय?"

"असं काही ऐकलं नाही बुवा. का?"

मग हळूहळू बाहेर आलं. लॉजमध्ये चादरींची एक खोली आहे. तिथल्या फळीवर पाहुण्यांसाठी रवा-नारळाच्या लाडवांचा डबा असतो. जेवण झालं की नाना 'चादरी मोजायला' जायचे! आणि आता तेच लाडू त्यांना कडू लागत होते. कडू जहर!

"आधी डोळं गेलं. आता जीभ गेली. मानसानं जगायचं कशावर?" नानांच्या डोळ्यांत पाणी. आम्ही कुणी हसलो नाही. मीसुद्धा नाही!

"वहिनींना विचारलंत?"

"काय विचारू? तुझं चोरून खाल्लेलं लाडू कडू लागतात म्हनून?"

भीती वाईट. भाकऱ्या सुटल्या, मिसळ सुटली, नाना किनाऱ्यावर खरोखर चालायला लागले. लाडवाचा एक तुकडा मात्र रोज जिभेवर ठेवायचे, चव परत आली का बघायला. ती काही येईना. नाना आणखी घाबरायचे, आणखी चालायचे!

साखर उतरली. डॉक्टरबाई खूश. "वहिनी, काय जादू केलीत?"

वहिनींनी पदर सावरला. "मी कसली करते? ह्यांचंच मन घट्ट."

एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर मी भेटायला गेलो. नाना घरभर बघत फिरत होते. मला म्हणाले, "अरे, तू तर म्हातारा झालास!" मग मला खूण करून चादरींच्या खोलीत घेऊन गेले.

डबा उघडला. एक लाडू उचलून खिडकीच्या उजेडात धरला. रव्याचा पांढरा रंग नव्हता त्याला. नानांनी तो फोडला, नव्या डोळ्याजवळ नेला, वास घेतला. मेथी! साखरेचा कण नाही की खोबऱ्याचा कीस नाही. नुसती मेथी!

नानांनी मान वळवून स्वयंपाकघराकडे बघितलं.

तिकडून आवाज आला, "काय हो, काय शोधताय तिथं?"

नानांनी अख्खा लाडू तोंडात कोंबला, डोळे मिटून गिळला आणि ओरडले, "काय न्हाय! चादरी मोजतोय! सगळ्या बरोबर हायत!"