मीनलची ओळख करून देताना

सांगतो, पण चहा तोंडात असताना हसायचं नाही. आमच्या हिंगणघाटच्या शारदा मंडळाचं सूत्रसंचालन म्हणजे मीच. माइक हातात आला की माझ्या अंगात काय संचारतं, देव जाणे.

यंदा आम्ही मीनलला बोलावलं. जवळच्या रोहणा गावची पोरगी, व्हीलचेअरवर असते, नागपुरात स्टँडअप कॉमेडी करते. स्टेजला रॅम्प केला होता. तेवढं एकच काम आम्ही शहाण्यासारखं केलं.

आल्या आल्या ती म्हणाली, "सर, नाव सांगा आन् माइक द्या, बस. माहे बाबा माहा कार्यक्रम पहिल्यांदा पाहून राह्यले. त्याइले वाटते, लोकं मले पाहून हासतात. माह्या बोलण्यावर हासतात, हे त्याइले दिसू द्या."

"चिंता करू नको, बेटा," मी म्हणालो.

पण पाहुणा आला आणि सत्कार नाही, असं आपल्याकडे कधी झालंय? शाल आली, नारळ आला आणि मी सुटलो. नियती, संघर्ष, जिद्द, पंख तुटलेली पाखरं, काही सोडलं नाही. पुढच्या रांगेतल्या काकूंनी पदर डोळ्याला लावला, तसा मला आणखी चेव आला. मीनल मागून माझा कुर्ता ओढत होती. मला वाटलं, तिलाही भरून आलं.

शेवटी तिला माइक मिळाला. पहिल्या विनोदाला मंडपातून हुंदका आला. दुसऱ्याला एक आजोबा हात जोडून उभे राहिले. "काय सहन केलं असन लेकरानं!"

अरे हसा ना बाबांनो, विनोद आहे हा! पण यांना रडवून कोणी ठेवलं? मीच. भाजीचा मळा सोडून आलेले तिचे बाबा तर ढसाढसा रडत होते.

मीनलनं खुर्ची माझ्याकडे वळवली. "पायानं मले जेवढा तरास नाई देला, तेवढा आज ह्या सरानं देला. माह्या गाडीले ब्रेक हाय. ह्याइले काऊन नाई बसवला?"

कोणीतरी फिस्सकन हसलं. मग ती कसली थांबते! माझा आवाज, माझी पाखरं, माझं मध्येच रुमाल काढणं. मंडप लोळायचा तेवढा बाकी राहिला. तिचे बाबा मांडीवर थापा मारत होते, आणि माझी सख्खी बायको त्यांच्याही वरचढ.

नंतर बाबांनी माझा हात धरला. "सर, पोरगी काय करते ते आज समजलं. तुम्ही नसते, त एवढी मजा नसती आली."

मला खरंच गहिवरून आलं. म्हटलं, आभाराचे दोन शब्द बोलावेत. माइक उचलला, तर मंडळाच्या पोरांनी वायर आधीच काढून नेली होती.