रांगेतली आई

आमच्या गल्लीत केबल आली त्या वर्षी, पोंगलच्या आदल्या दिवशी, शेजारच्या, नकाशे काढणाऱ्या ड्राफ्ट्समननी आपल्या घराच्या भिंतीवर आठ फुटी चित्र काढलं. त्यात तंजावूरचं बसस्टँड होतं, बाजूला रॉकेलची रांग, आणि रांगेत त्यांची दिवंगत आई. ते चित्रं कोळशाने, उभ्यानेच काढत. कुणी हरकत घेतली की एवढंच विचारत, "तसंच होतं ना?"

त्यांच्या थोरल्या बहीण, अक्का, पापनाशमहून आल्या. "आईला रांगेत उभं केलंस? उद्या माझे व्याही येतायत इथं. पुसून टाक, नाहीतर मी जेवणार नाही."

"उभी राहायची ना, अक्का?"

"राहायची. म्हणून भिंतीवर?"

ड्राफ्ट्समननी कोळसा उचलला आणि आईमागे डबा धरलेली, परकरातली मुलगी काढली. अक्कांनी त्या मुलीच्या वेणीवर बोट ठेवलं.

"मला दोन वेण्या होत्या."

त्यांनी दुसरी वेणी काढली.

दुसऱ्या दिवशी व्याह्यांना ते चित्र अक्कांनीच दाखवलं.